मुलांचें शिक्षण बटाईनें देऊं नये

मृग लागला कीं शेतकऱ्याच्या घरांत एकच धांदल उडते. तिफण दुरुस्त करावयाची, बियाण्याची उगवण पाहावयाची, खताच्या गोण्या आणावयाच्या, आणि डोळे आभाळाकडे लावून वाफशाची वाट पाहावयाची. नेमक्या याच दिवसांत, म्हणजे जूनच्या मध्यास, आपल्या राज्यांतील शाळा उघडतात; विदर्भांत उन्हामुळें कांहीं दिवस उशीर होतो इतकेंच. म्हणजे एकाच सुमारास आपल्या घरीं दोन पेरण्या होतात. एक शेतांत, आणि दुसरी शाळेंत. पहिल्या पेरणीच्या वेळीं आपण स्वतः तिफणीमागें उभे असतों. दुसऱ्या पेरणीच्या वेळीं मात्र मुलाच्या पाठीवर दप्तर दिलें, वह्यांचे व शिकवणीचे पैसे मोजले, कीं आपलें कर्तव्य संपलें असें आपण समजतों.

जमीन बटाईनें देणारा खातेदारसुद्धां महिन्यांतून दोनदां बांधावर जातो, पीक पाहतो, आणि तण माजलें असल्यास बटाईदारास हटकतो. मुलाचें शिक्षण आपण गुरुजींस बटाईनें दिलें आहे असें घटकाभर धरलें, तरी आपण बांधावरही जात नाहीं. वर्षअखेर उतारा कमी आला म्हणजे दोष गुरुजींचा, नाहीं तर पोराच्या नशिबाचा. ही रीत बरोबर नाहीं असें माझें स्पष्ट मत आहे, व तें सकारण वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

यावर बहुतेक ठिकाणीं एकच उत्तर मिळतें: "आम्हीच कोठें शिकलों? आम्ही पोराला काय शिकविणार?" हें उत्तर प्रामाणिक आहे, परंतु त्यांत समजुतीचा घोटाळा आहे. आईबापांनीं घरीं शाळा भरवावी असें माझें म्हणणेंच नाहीं. शिकविणें हें गुरुजींचें काम. घराचें काम निराळें आहे. मूल जें शिकून आलें, त्याची या घरास गरज आहे, हें त्याच्या प्रत्ययास आणून देणें, हें घराचें काम. ज्या विहिरीचा उपसा होत नाहीं, तिचे झरे बुजतात हें आपणांस कोणी सांगावयास नको. विद्येचेंही तसेंच आहे. शाळेंत झरा लागला, तरी घरीं उपसा नसेल तर तो फार दिवस टिकत नाहीं.

मी तालुक्याच्या ठिकाणीं महसुलाकडे पुष्कळ वर्षें कारकुनी केली. त्या काळांतील एक प्रसंग माझ्या मनांतून जात नाहीं. पन्नाशी उलटलेला एक खातेदार हातांत चुरगळलेला कागद घेऊन टेबलापाशीं आला. आठ-नऊ एकर कोरडवाहू जमीन, व तींत एकच विहीर. भावाभावांच्या वाटणीची फेरफार नोंद झाली होती, आणि विहिरीकडील तुकडा सबंध दुसऱ्या भावाच्या नांवें लागला होता. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणें अशा नोंदीची नोटीस हितसंबंधितांस देतात, व हरकत घेण्यास १५ दिवसांची मुदत असते. त्या गृहस्थास नोटीस मिळाली होती. त्यानें पोंच म्हणून सहीही केली होती, आणि कागद देवाच्या तसबिरीमागें खोंचून ठेवला होता. त्यास तीन महिने लोटले होते.

मीं विचारलें, "घरांत वाचणारें कोणी नाहीं काय?"

तो म्हणाला, "आहे कीं. हा थोरला बारावीला आहे." मुलगा शेजारींच उभा होता.

"मग याच्याकडून वाचून कां घेतलें नाहीं?"

गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "भाऊसाहेब, त्याला असलें कांहीं कधीं सांगितलेंच नाहीं. त्याला त्याचा अभ्यास असतो."

मुलानें मान खालीं घातली. नोटीस अर्ध्या पानाची होती व साध्या मराठींत होती. तोंपर्यंत नोंद प्रमाणित झाली होती. पुढें प्रांतांकडे अपील, वकिलाची फी आणि तालुक्याचे हेलपाटे एवढेंच त्याच्या हातीं उरलें. त्या मुलाच्या शाळेवर त्या घरानें बारा वर्षें पैसा खर्चिला. पण त्या बारा वर्षांत घरांतला एक कागद त्याच्या हातीं वाचावयास दिला नाहीं. अभ्यास म्हणजे परीक्षेपुरती गोष्ट, घरच्या व्यवहाराशीं तिचा संबंध नाहीं, असें बापासही वाटे व मुलासही वाटे. यांत शाळेचा दोष किती आणि घराचा किती, हें वाचकांनींच ठरवावें.

आतां थोडा हिशेब करूं. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालीं झाला, व १ एप्रिल २०१० पासून तो अंमलांत आला. त्याप्रमाणें पहिली ते पांचवीच्या वर्गांस वर्षांतून निदान २०० दिवस व ८०० तास शिकविलें पाहिजे. लहान मूल दिवसाचे दहा तास झोंपतें असें धरलें, तर वर्षांत तें ५,११० तास जागें असतें. ५,११० तासांपैकीं ८०० तास म्हणजे सोळा आण्यांतले अडीच आणे. उरलेले साडेतेरा आणे घराकडे आहेत. अडीच आण्यांच्या वांटेकऱ्यानें सोळा आणे पीक काढून द्यावें, ही अपेक्षा कोणत्या न्यायांत बसते?

या साडेतेरा आण्यांची हेळसांड कोठें नेते हेंही पाहावें. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकारानें २००५ सालापासून खेड्यापाड्यांतील घरोघर जाऊन 'असर' नांवाची पाहणी होत आली आहे. तींत मुलापुढें दुसरीच्या योग्यतेचा एक उतारा ठेवतात. २०१८, २०२२ व २०२४ या तिन्ही वेळच्या पाहणींत असें दिसलें कीं, देशांतील ग्रामीण भागांत तो उतारा नीट वाचणारीं पांचवींतलीं मुलें निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी आहेत. हीं मुलें शाळेंत जात नव्हतीं असें नाहीं. बहुतेकांचीं नांवें पटावर होतीं.

मुलांनीं पटावर यावें यासाठीं आपल्याकडे थोरांनीं पुष्कळ झीज सोसली. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन करून, निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, व त्यांत शेतीचें प्राथमिक ज्ञान असावें, अशी मागणी केली. श्रीमंत सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली भागांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला, आणि १९०६ सालीं तें सर्व बडोदें संस्थानास लागू केलें. राजर्षि शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, व मुलास शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दंड ठेवला. या सर्वांच्या श्रमानें मूल शाळेच्या दारापर्यंत आलें. पण कायद्याचा हात दारापर्यंतच पोंचतो. घरांत संध्याकाळीं काय चालावें, हें कोणत्याही कायद्यास ठरवितां येत नाहीं. तें आपणांसच ठरविलें पाहिजे.

मग काय करावें? मला जें सुचतें तें क्रमानें सांगतों. यांत पैशाचा खर्च जवळ जवळ नाहीं.

पहिली गोष्ट, ऐकणें. रात्रीं जेवणें झाल्यावर अर्धा तास मुलानें मोठ्यानें वाचावें, व घरांतील एका तरी वडीलधाऱ्या माणसानें तें ऐकावें. धड्याचें पुस्तक तर वाचावेंच. पण त्याबरोबर घरांत आलेला प्रत्येक कागद त्याच्यापुढें ठेवावा. सोसायटीची नोटीस, विजेचें बिल, बियाण्याच्या पिशवीवरील उगवणशक्तीचा आंकडा व तपासणीची तारीख, कीटकनाशकाबरोबरचें माहितीपत्रक, सर्व कांहीं. औषधाच्या डब्यास मात्र मुलाचा हात लागूं देऊं नये. डबा आपण धरावा, त्यानें दुरून वाचावें. त्यावरील चौकोनांत लाल, पिवळा, निळा कीं हिरवा त्रिकोण आहे, व लाल म्हणजे सर्वांत जहाल विष, हें त्यानेंच आपणांस सांगावें. वाचून झाल्यावर एवढेंच म्हणावें, "आतां यांत काय आहे, तें मला समजेल असें सांग." ज्या आईबापांस अक्षरओळख नाहीं, त्यांनीं तर हें अवश्य करावें. न शिकलेल्या माणसास समजावून सांगतां आलें, म्हणजे तो विषय मुलास समजला अशी खूणगांठ बांधावी.

हें मी पुस्तकी ज्ञानावरून सांगत नाहीं. स्वतः चुकून शिकलों आहे. आंकडेमोडीचा मला अभिमान. मुलाचें गणित अडलें कीं मी पाटी ओढून घेई व दोन मिनिटांत उत्तर काढून देई. मुलगा तें वहींत उतरून घेई व दोघेही समाधान मानीत असूं. दहावीस तो गणितांत नापास झाला, तेव्हां माझे डोळे उघडले. इतकीं वर्षें गणितें मीं सोडविलीं होतीं, त्यानें नव्हे. उलट माझ्या पत्नीचें शिक्षण चौथीपर्यंतचें. ती भाकऱ्या थापतां थापतां मुलीस म्हणे, "मला नाहीं बाई कळलें, पुन्हां सांग." मुलगी पुन्हां सांगे, आणि सांगतां सांगतां तिची तिलाच चूक सांपडे. मुलगी कधीं कोणत्या विषयांत अडली नाहीं. माझी विद्या मुलाच्या आड आली, आणि तिचें ऐकणें मुलीच्या कामीं आलें.

दुसरी गोष्ट, हिशेब. शेतकऱ्याच्या घराइतकी गणिताची चांगली शाळा दुसरी नाहीं. पण ती आपण बंद ठेवली आहे. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा, व ४० गुंठ्यांचा एकर. दोरी घेऊन मुलास परसांत न्यावें व एक गुंठा आंखावयास लावावा. क्षेत्रफळ म्हणजे काय, हें तो जन्मभर विसरणार नाहीं. मग सातबारा त्याच्यापुढें ठेवावा. त्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत असतें. एक एकर म्हणजे सुमारें ४०.४७ आर, तेव्हां उताऱ्यावरील ८१ आर म्हणजे आपले दोन एकर, हें त्यानें स्वतः काढावें. युरियाच्या ४५ किलोच्या गोणींत शेंकडा ४६ नत्र असतें, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. एकरीं ४० किलो नत्र द्यावयाचें तर गोण्या किती? जवळ जवळ दोन. शेंकडेवारीचें याहून चांगलें उदाहरण कोणत्या पुस्तकांत मिळेल?

सरळ भिंतीचा व सपाट बुडाचा एक डबा अंगणांत उघड्यावर ठेवावा, आणि पाऊस थांबला कीं त्यांतलें पाणी पट्टीनें मोजून मुलानें वहींत तारीखवार टिपावें. एक चौरस मीटरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एकराचे चौरस मीटर सुमारें ४,०४७. तेव्हां २५ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एकरावर सुमारें एक लाख लिटर पाणी पडलें. हा आंकडा मुलाच्या तोंडून ऐकला, म्हणजे बांधबंदिस्ती कशासाठीं करावयाची हें बापासही नव्यानें उमगेल. दुधाच्या डेअरीची पावती, बाजारसमितींतील हिशेबपट्टी, मजुरांची हजेरी, हीं सर्व त्याच्याकडून तपासून घ्यावींत. आजोबांस पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पाठ असतील तर संध्याकाळीं नातवंडांकडून म्हणवून घ्यावीं. अपूर्णांकांची भीति तेथेंच जाते.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, व आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाईलवरून करावी अशी सोय झाली. ही नोंद करतांना मुलास बरोबर शेतांत न्यावें. गट क्रमांक, क्षेत्र, पिकाचें नांव, पेरणीची तारीख हें सर्व त्यानें वाचावें, व आपण पाहून मग पुढें धाडावें. मोबाईल हें केवळ खेळणें नसून कामाचें हत्यारही आहे, हें त्यास कळेल. अभ्यासाच्या वेळीं मात्र तें हत्यार खुंटीवर असावें. आणि तें बापाचेंही खुंटीवर असावें. आपण पडद्याकडे पाहत बसावयाचें व मुलास पुस्तकाकडे पाहा म्हणावयाचें, हें मूल ऐकत नाहीं, आणि त्यांत त्याचा दोषही नाहीं.

तिसरी गोष्ट, जागा व वेळ. निराळी खोली नको. ओटीचा एक कोपरा, चांगला दिवा, वह्यांस एक फळी, आणि रोजची ठराविक वेळ एवढें पुरे. त्या वेळांत मुलास दुकानावर पिटाळूं नये, पाहुण्यांनीं हांक मारूं नये. जनावरांच्या धारांची वेळ आपण चुकवीत नाहीं. तसाच हा नेम पाळावा. नापास झाला म्हणून मारूं नये, आणि शेजारच्या पोराचे गुण त्याच्या तोंडावर फेकूं नयेत. उगवण विरळ झाली म्हणून कोणी रोपांस शिव्या देत नाहीं, नांगे भरतात.

चौथी गोष्ट, हंगाम. घरच्या मुलानें शेतांत काम करूं नये असें मी म्हणत नाहीं. सुटीच्या दिवशीं त्यानें जरूर यावें. कामाची लाज वाटणारी विद्या काय कामाची? पण शाळेच्या दिवशीं पेरणीस, निंदणीस, कापूस वेंचणीस त्यास ठेवून घेऊं नये. जूनमध्यें वर्गांत नवीन धड्यांचा पाया घालतात. ते पंधरा दिवस चुकले कीं पुढचें वर्षभर पोर मागें राहतें, व मागें राहिलेल्या पोरास शाळा नकोशी होते. पंधरा दिवसांची मजुरी वांचली ती आपणांस दिसते. वर्ष बुडालें तें दिसत नाहीं, इतकेंच.

पांचवी गोष्ट मुलींविषयीं. वरील सर्व मजकूर मुलगा व मुलगी दोघांसही सारखाच लागू आहे. घरांत अभ्यासाच्या वेळीं मुलगा पाटावर आणि मुलगी चुलीपुढें, हें दृश्य अजून गेलेलें नाहीं. सावित्रीबाई फुले यांस जोतीरावांनीं प्रथम घरींच शिकविलें, आणि १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा उघडल्यावर त्या तेथें शिक्षिका झाल्या, हें आपण सर्व अभिमानानें सांगतों. घरांतल्या शिकवणुकीचें याहून मोठें फळ कोणतें? खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांस लिहितांवाचतां येत नव्हतें. पण शेतांत व जात्यावर त्यांनीं ज्या ओव्या रचल्या, त्या घरच्या लेकरांनीं टिपून ठेवल्या म्हणून १९५२ सालीं पुस्तकरूपानें महाराष्ट्रास मिळाल्या. आई निरक्षर असली म्हणून तिच्याजवळ देण्यासारखें कांहीं नसतें, असें कोणीही समजूं नये. मुलानें आईचें ऐकावें, आणि आईनें मुलाचें. भाषा अशीच वाढते.

शेवटची गोष्ट, बांधावर जाणें. २००९ च्या कायद्यानें बहुतेक शाळांस व्यवस्थापन समिति नेमावी लागते. तींत तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, व एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. पुष्कळ गांवीं ही समिति कागदावर असते, व सभासद सहीपुरते. सोसायटीच्या निवडणुकीस आपण जितक्या हिरीरीनें जातों, त्याच्या चौथाईनें जरी या सभेस गेलों, तरी शाळेचें रूप पालटेल. निदान महिन्यांतून एकदां गुरुजींस भेटावें. "माझा पोर कितवा आला?" हें विचारूं नये, "माझ्या पोरास काय येत नाहीं?" हें विचारावें. पहिल्या प्रश्नानें गुरुजी संकोचतात. दुसऱ्यानें मोकळे होऊन बोलतात.

कोणी म्हणेल, दिवसभर राबून आलेल्या माणसास रात्रीं ऐकावयास बसण्याचें त्राण कोठें असतें? ही अडचण खरी आहे. पीक हातांत, बाजार पडलेला, वर कर्ज, अशा वेळीं घरांत कोणाचें चित्त थाऱ्यावर नसतें, हें मीं कचेरींत बसूनही पुष्कळ पाहिलें आहे. पण त्याच कारणासाठीं हा अर्धा तास काढावा असें मी म्हणतों. जमीन पिढीगणिक वांटली जाऊन गुंठ्यांवर आली आहे. आपण पोरांस जमिनीचा मोठा तुकडा देऊं शकणार नाहीं. तेव्हां जो तुकडा देऊं, त्याचा कागद तरी त्यांस वाचतां यावा, त्याचा हिशेब त्यांस करतां यावा, व त्यावरील हक्क त्यांस बोलून मांडतां यावा. नाहीं तर आपण दिलेली जमीन तसबिरीमागच्या एका न वाचलेल्या कागदांत निघून जाईल.

तेव्हां शेतकरी बंधुभगिनींस माझी एवढीच विनंति आहे. हा अंक घरीं गेल्यावर स्वतः वाचून बाजूस ठेवूं नये. तो आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातीं द्यावा, दिव्यापाशीं बसावें, आणि म्हणावें, "हें मला वाचून दाखव." त्या रात्रीपासून हा उपक्रम सुरू झाला असें समजावें.